सव्वासात इंची रुळावर चार माणसं: बसायचा पहिला डबा कसा बांधावा

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘बोगी’ म्हणजे अख्खा डबा. ‘आपली बोगी पुढे आहे, पळा!’ हे स्टेशनवर आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. रेल्वेच्या कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा, मधल्या खुंट्यावर वळणारा. मी इंग्लंडमधल्या एका मिनिएचर रेल्वे क्लबात नवीन असताना मला ‘दोन बोग्या कर’ असं सांगितलं, तर पुढच्या रविवारी मी दोन डब्यांची चित्रं घेऊन हजर. तेव्हा या लेखात बोगी म्हणजे खालचा गाडा, आणि माणसं बसतात तो डबा.

ज्यांनी ही छोटी रेल्वे पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये गावोगावी, बहुतेक एखाद्या बागेच्या कोपऱ्यात, हौशी लोकांचे क्लब असतात. खरी वाफेची छोटी इंजिनं स्वतः बांधायची आणि सुटीच्या दिवशी लोकांना त्यामागे बसवून फेरी मारायची, हा त्यांचा उद्योग. रूळ मुख्यतः साडेतीन, पाच आणि सव्वासात इंची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. पहिले दोन बऱ्याचदा कमरेएवढ्या उंच खांबांवर, सव्वासात इंची जमिनीवर. अमेरिकेच्या ईशान्य भागात सव्वासात चालतो, बाकी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी साडेसात इंची (साडेसातीचा विनोद प्रत्येक मराठी माणसाला सुचतो, मलाही सुचला, पुढे चला). ऑरेगनमधल्या ट्रेन माउंटनवर या साडेसात इंची रुळाचं तीस मैलांहून लांब जाळं आहे. पेशवे पार्कातली फुलराणी किंवा माथेरानची गाडी डोळ्यांसमोर आणू नका. तिथे आपण डब्याच्या आत बसतो. इथे डब्यावर बसायचं, घोड्यावर बसल्यासारखं, दोन्हीकडे पाय सोडून.

हा लेख सव्वासात इंची, जमिनीवरच्या रुळासाठी आहे. पहिला डबा म्हणून चार जणांचा, साधा, छत नसलेला डबाच करा. दारं-खिडक्यांचा देखणा डबा नंतर कधीतरी.

माणूस स्केलमध्ये बसत नाही

इंजिन आठपटीनं लहान करता येतं, प्रवासी येत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात. सर आर्थर हेवूड या इंग्रज गृहस्थांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या इस्टेटीवर ९ इंची रूळ टाकून पाहिला. माणसं न्यायला तो डळमळीत वाटला, म्हणून १८७४ मध्ये डफील्ड बँकला त्यांनी १५ इंची रूळ घातला आणि माणसांसाठी याहून अरुंद नको असं ठरवलं. आपण तर त्यांनी टाकून दिलेल्या रुळाहूनही अरुंद रुळावर माणसं बसवतो. ते जमतं, पण दोनच कारणांनी: माणूस खूप खाली बसतो आणि गाडी हळू चालते. यातलं एक जरी सुटलं तरी डबा आडवा.

कागदावर करून बघा. रूळ १८४ मि.मी. रुंद, म्हणजे मधल्या रेषेपासून चाक रुळावर टेकतं ते अंतर साधारण ९५ मि.मी. डबा ११० किलोचा धरू, त्याचा गुरुत्वमध्य रुळापासून १८० मि.मी. वर. चार माणसं प्रत्येकी ८० किलोची, आसन रुळापासून ३३० मि.मी. उंच. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य आसनापासून सव्वादोनशे मि.मी.च्या आसपास वर असतो, म्हणजे रुळापासून साडेपाचशे. सगळं मिळून गुरुत्वमध्य येतो ४५५ मि.मी.वर. असा भरलेला डबा जेमतेम १२ अंश कलला की उलटतो.

आता १५ मीटर त्रिज्येचं वळण घ्या. सगळे ताठ बसले तर उलटायचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास निघतो. हायसं वाटलं? मग पुढचं. वळणावर चौघेही बाहेरच्या बाजूला ८० मि.मी. झुकले, म्हणजे फोटो काढणाऱ्या आजोबांना हात करायला वळले, तर गुरुत्वमध्य ६० मि.मी. बाजूला सरकतो आणि ९५ पैकी ३५ च उरतात. वेगाची मर्यादा येते ताशी १२ वर. चाक रुळावर चढण्याचा धोका तर त्याहूनही आधी सुरू होतो. म्हणून अशा वळणावर चालण्यापेक्षा जरासा जास्त वेग, बस्स.

आसन ३३० वरून २५० मि.मी.वर आणलं तर सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य ६० मि.मी. खाली येतो आणि १२ चे साडेतेरा अंश होतात. कमी वाटतं, पण याहून स्वस्तात सुरक्षितपणा मिळत नाही. रचनेचा पहिला आकडा म्हणून वहीत आसनाची उंची लिहा, बाकी सगळं त्याखाली बसवा.

वॉल्ट डिस्नेनं १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या आपल्या घराभोवती सव्वासात इंची रेल्वे बांधली होती, मालगाडीच्या डब्यांवर पाहुणे बसायचे. १९५३ मध्ये एका पाहुण्यानं वळणावर इंजिन जोरात घेतलं, ते घसरलं, शिटी तुटून वाफ सुटली आणि एका लहान मुलीला भाजलं. डिस्नेनं रेल्वे बंदच केली. वळण आणि वेग यांचं गणित कोणालाही माफ करत नाही.

लांबी, रुंदी आणि वळण

प्लायचा ताव ८ फुटी येतो, त्यामुळे डब्याची लांबी २४०० मि.मी. ठेवणं सोयीचं. माणशी ६०० मि.मी. येतात, ते पुरेत. काही क्लबांत ४५० वर भागवतात. तिथे मोठी माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दिसतात.

दोन बोग्यांच्या खुंट्यांतलं अंतर १६०० ठेवा. १५ मीटरच्या वळणावर डब्याचा मधला भाग सुमारे २१ मि.मी. आत सरकतो आणि टोकं सुमारे २७ मि.मी. बाहेर जातात, दोन्ही जवळपास सारखे. खुंटे टोकांकडे नेले तर पोट आत घासतं. मध्ये आणले तर टोकं झुलतात आणि शेजारच्या डब्याला जोडणारा दांडा वाकडा ओढला जातो. एवढ्या वळणावर बोगी डब्याखाली तीन अंश फिरते, पण जागा सात-आठ अंशांची सोडा. एका रुळाचे दोन फाटे फुटतात त्या सांध्याच्या जागी, म्हणजे पॉइंटवर, वळण याहून अरुंद असू शकतं.

एकूण रुंदी पायफळ्या धरून ५०० मि.मी. पण हा आकडा माझ्याकडून घेऊ नका. ज्या क्लबात डबा चालणार तिथला फलाट, बोगदा, कुंपणाचा खांब यांची मापं आणि जोडणीची उंची लिहून आणा. पुठ्ठ्याचा डब्याएवढा साचा कापून एखाद्या चाकगाडीवर उभा करून पूर्ण फेरी मारली तर अर्ध्या तासात सगळं कळतं.

बोगी: इथे घाई नको

चाकं विकत घ्या. लेथ असेल, हौस असेल तरी पहिल्या डब्यासाठी विकतच. ११० ते १२५ मि.मी. व्यासाची बिडाची किंवा पोलादी चाकं तयार मिळतात. चाकाचा रुळावर टेकणारा भाग दोन-तीन अंश उतरता असतो, त्यामुळे सरळ रुळावर जोडी आपोआप मध्ये येते. आतली कड आणि हा उतार जिथे मिळतात तिथे गोलाई असते. ती कोपरा काढून धारदार केली तर चाक सांध्यावर चढायलाच बघतं. घरच्या लेथवर पहिल्या खेपेला हमखास इथेच चुकतं.

दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर हे सगळ्यात महत्त्वाचं माप. ते क्लबाच्या मानकातूनच घ्या. सव्वासात आणि साडेसात यांच्या मानकांत गल्लत करू नका. तीन-चार मि.मी.चा फरक सरळ रुळावर कळतही नाही, आणि पहिल्याच पॉइंटवर डबा खाली उतरतो.

बेअरिंग बंद तोंडाचं, ६२०४ नंबरचं. आतून २० मि.मी., बाहेरून ४७. मोटरसायकलच्या दुकानातही सहज मिळतं आणि आपल्या भाराच्या मानानं कितीतरी दणकट आहे. ते मरतं ते भारानं नाही, पाणी आणि राखेनं, म्हणून बाहेरून पत्र्याची टोपी लावा.

आता माझी फजिती. माझी पहिली बोगी मी जाड पट्टीची चौकट करून घट्ट वेल्ड केली, बेअरिंगं थेट त्यात बसवली, स्प्रिंग नाही. गुण्या लावला, कर्ण मोजले, अगदी बरोबर. चार माणसं बसवून डबा झकास चालायचा. रिकामा परतताना मात्र दर वेळी एकाच जागी घसरायचा. मी रुळाला दोष दिला, रूळ सांभाळणाऱ्या आजोबांशी वादही घातला. त्यांनी न बोलता पाणसळ आणली आणि वळण संपतं तिथे ठेवली. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच असतो, तो उतरत सपाट होतो त्या तुकड्यात रूळ पिळलेला असतो. माझी चौकट पिळायला तयार नव्हती, म्हणून एक चाक हवेत. चाकाची कड जेमतेम सहा मि.मी.ची, चार मि.मी. उचललं की संपलंच. माणसांच्या वजनानं लोखंड थोडं वाकून चाकं टेकत होती, रिकामं असताना नाही. मग मुकाट्यानं ग्राइंडर घेऊन चौकट कापली.

तेव्हा बोगीची चारही चाकं आपापल्या परीनं वरखाली व्हायला हवीत. दोन मार्ग आहेत. पहिला अमेरिकन पद्धतीचा: दोन्ही बाजूंच्या पट्ट्या स्वतंत्र ठेवायच्या आणि मधल्या आडव्या तुळईला अशा जोडायच्या की प्रत्येक पट्टी झोक्यासारखी थोडी पुढेमागे डुलेल. दुसरा, प्रत्येक बेअरिंगवर स्प्रिंग. स्प्रिंग निवडताना सगळे भरल्या डब्याचं बघतात, तुम्ही रिकाम्याचं बघा. रिकाम्या ११० किलोत एका चाकावर चौदा किलोही येत नाहीत, तेवढ्यात स्प्रिंग निदान ३ मि.मी. दबायला हवी. तीच स्प्रिंग भरल्यावर बारा मि.मी.च्या आसपास दबते, म्हणजे माणसं बसल्यावर डबा आठ-नऊ मि.मी. खाली जातो. जोडणीची उंची ठरवताना हे धरा. याहून मऊ स्प्रिंग घातली की डबा दोन्ही बाजूंना डोलतो आणि वर काढलेलं १२ अंशांचं गणित बिघडतं.

बोगी आणि डबा यांच्यातही हेच. मध्ये खुंटा, आणि डबा बाजूंना कलू नये म्हणून दोन्हीकडे सपाट आधार. चारही आधार घट्ट टेकवले तर डब्याची लांब चौकटच पिळाला अडवते. एका बोगीच्या आधारांना जेमतेम फट ठेवा, दुसरीला दोन-तीन मि.मी. तीन पायांचं स्टूल कुठेही डुगडुगत नाही, तसं. खुंट्याला खालून नट आणि कॉटर पिन हवीच, नाहीतर डबा उचलताना बोगी पायावर पडते.

चौकट

५० × २५ × ३ मि.मी.चे दोन चौकोनी पाइप, उभे ठेवून, आणि पाच-सहा आडव्या पट्ट्या. प्रत्येकी १०० किलोची चार माणसं धरली तरी ताण साध्या पोलादाच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यात राहतो, त्यामुळे याहून जाड घालण्यात अर्थ नाही. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारा, कर्ण मोजा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून-पालटून वेल्ड भरा. एकाच बाजूनं भरत गेलात तर चौकट केळ्यासारखी वळते.

आसन आणि पाय

आसन १२ मि.मी. मरीन प्लायचं, वर चाळीस मि.मी. फोम आणि रेक्झिन. रुंदी २८० पर्यंत. याहून रुंद केलं की लहान मुलांचे पाय आडवे फाकतात आणि ती एका बाजूला सरकून बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात पकडायला दांडा. सुटे कप्पे किंवा वस्तू ठेवायची जागा नको, कोणीतरी पाण्याची बाटली काढायला वाकतंच.

पण बहुतेक दुखापती आसनावरून होत नाहीत, पायामुळे होतात. पाय पायफळीवरून घसरतो, जमिनीला टेकतो आणि डबा पुढे जातो, पाय मागे राहतो. म्हणून पायफळी डब्याच्या पूर्ण लांबीची, सलग हवी, मध्ये तुटलेली नको. बाहेरच्या कडेला २५ मि.मी. उंच पट्टी आणि वर खरखरीत पत्रा. पायफळी आणि आसन यांच्यामधली जागा आतून पत्र्यानं बंद करा, म्हणजे चपलेचा अंगठा चाकाकडे जाणार नाही. दोन डब्यांमधल्या फटीत लहान मुलाचा पाय जाईल का, हे एखाद्या मुलाला उभं करून प्रत्यक्ष बघा. लटकत्या ओढण्या, साडीचे पदर आणि बुटांच्या सुट्या नाड्या यांच्यासाठी गार्डचा डोळा हाच इलाज. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास आपली मंडळी येतात तेव्हा मी स्वतः फलाटावर उभा राहतो.

जोडणी आणि ब्रेक

साखळी किंवा आकडा नको, भरीव दांडा हवा. दोन्ही टोकांना पिन आणि पिनेला सुटणार नाही अशी क्लिप. दांडा आडवा, अगदी समतल. एका डब्याची जोडणी वर आणि दुसऱ्याची खाली असेल, तर ब्रेक लागल्यावर मागचे डबे पुढे रेटतात आणि तिरका दांडा रिकाम्या डब्याला उचलतो. दांड्याशिवाय दोन्ही बाजूंना सुरक्षा साखळ्या, वळणावर ताणल्या जाणार नाहीत इतक्याच सैल.

ब्रेक का हवा आणि कसला हवा हे कळण्यासाठी आर्माघचा अपघात माहीत असावा. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये रविवारच्या शाळेच्या सहलीची गाडी चढावर अडकली. इंजिनाला झेपेना म्हणून मागचे डबे सोडले. गाडीला व्हॅक्युम ब्रेक होता, पण साधा: पोकळी केली की लागणारा. नळी सुटली, तशी मागच्या डब्यांत ब्रेकच उरला नाही. ते उतारावरून मागे घरंगळत दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण गेले, त्यांत कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. स्वयंचलित म्हणजे उलटा: पोकळी असेपर्यंत ब्रेक सुटलेला, नळी तुटली की आपोआप लागलेला. आपल्या छोट्या डब्यातही हाच घाला.

आकडे असे. इंजिनाच्या इजेक्टरनं, म्हणजे वाफेच्या झोतानं हवा ओढून घेणाऱ्या नळीनं, किंवा छोट्या पंपानं १५ इंच पाऱ्याची पोकळी सहज मिळते. ७५ मि.मी. व्यासाच्या सिलिंडरवर त्यातून साधारण २३ किलोचा जोर येतो. तरफेनं चौपट केला की चाकांच्या गुटक्यांवर नव्वदच्या आसपास. भरलेला डबा ताशी १० किलोमीटरवरून सहा-सात मीटरमध्ये थांबतो, तेवढं ठीक. मोह होतो तो तरफ वाढवायचा. वाढवू नका. इतक्यातच रिकाम्या डब्याची चाकं अडकायला लागतात, ओल्या रुळावर तर नक्कीच, आणि अडकून घासलेल्या चाकाला सपाट ठिगळ पडतं. मग तो डबा आयुष्यभर टकटक करत फिरतो. शिवाय उभ्या डब्यासाठी एक हातब्रेक किंवा लाकडी पाचर कायम डब्याला बांधलेली.

ब्रिटनमध्ये राहत असाल तर अशा छोट्या रेल्वेंसाठीची सध्याची सुरक्षा मार्गदर्शिका आणि क्लबाची स्वतःची नियमावली बांधायला सुरुवात करण्याआधी वाचा. नंतर वाचून पायफळी पुन्हा कापणारे मी पाहिले आहेत.

चाचणी

रंग लावायच्या आधी चाचणी. रंगाखाली वेल्डची चीर दिसत नाही.

पहिल्या दिवशी डबा रिकामा, हातानं ढकलत, पूर्ण फेरी. प्रत्येक पॉइंटवर थांबून गुडघ्यावर बसून चाकं बघायची. त्यानंतर एका चाकाखाली ४ मि.मी.ची पट्टी सरकवा. बाकीची सातही चाकं रुळाला टेकलेली आहेत का हे कागदाचा कपटा सरकवून पाहा. कागद गेला तर परत कार्यशाळेत. दुसऱ्या दिवशी वाळूची पोती, चारशे किलो, आसनाला घट्ट बांधून, आणि इंजिनामागे दहा फेऱ्या. मग पोती एका बाजूला सरकवून पुन्हा, पण पायी चालण्याच्या वेगानं आणि दोघे जण दोन्ही बाजूंनी चालत. फेऱ्या संपल्या की प्रत्येक बेअरिंगला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर ते तिरकं बसलंय. ब्रेकची नळी चालत्या गाडीत मुद्दाम काढून पाहा. डबा आपोआप थांबला पाहिजे.

वाळू उतरवल्यावर क्लबातली चार मोठी माणसं बसवा, आणि त्यांना सांगा की मुद्दाम हलून, डुलून, मागे वळून बसा. मुलं तसंच करणार आहेत. आमच्या डब्याच्या या फेरीत एकानं सँडविच खाली पाडलं आणि ते उचलायला चौघांपैकी तिघे एकाच बाजूला वाकले. डबा टिकला. दुसऱ्या दिवशी मी सगळे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) नट पुन्हा पान्यानं तपासले. बोगीच्या बाजूपट्टीचे दोन अर्धा फेरा सैल निघाले.